धाकट्याचा हिरवा ठिपका

कवळीवाल्यांना राग यायला फारसं कारण लागत नसे, आणि शेअर्सच्या त्या साइटने तर कारणांचं कोठारच उघडून ठेवलं होतं. दिवसभर ते लोकांचे दात बनवत. दंतवैद्यांकडून प्लास्टरची मापं यायची, त्यावर मेणाच्या हिरड्या चढवायच्या, एकेक दात बसवायचा, घासायचा, पुन्हा घासायचा. एक दात केसाएवढा उंच राहिला तरी म्हातारं माणूस घास चावताना कळवळतं. असा काटेकोर माणूस संध्याकाळी हात धुऊन संगणकापुढे बसायचा आणि बघायचा काय, तर केव्हाच बुडालेली सिमेंटची कंपनी तिथे अजून ठणठणीत. दुसऱ्या दोन कंपन्या एकमेकींत विलीन होऊन जमाना लोटला, तरी साइटवर त्यांच्या चुली वेगळ्याच. भाव कधी आजचे, कधी गेल्या महिन्यातले.

साइट फुकट होती. आपले शेअर्स एकदा भरून ठेवले की रोजचा भाव आणि एकूण किंमत तिने दाखवायची, एवढंच तिचं काम. सुरुवातीला ते ती इमानदारीने करायची. मग चालवणारी माणसं कुठे गेली देव जाणे. दुकान उघडं टाकून मालक पसार झाला, आणि दिवे तेवढे चालू राहिले. तक्रार पाठवली की डोळ्याचं पातं लवायच्या आत उत्तर यायचं, 'आपला अभिप्राय आमच्यासाठी मोलाचा आहे.' पहिल्यांदा ते वाचून कवळीवाले खूश झाले होते. पुढे तेच वाक्य इतक्यांदा आलं की त्यांना त्या वाक्याला एक चेहराही दिसायला लागला, हसरा आणि निर्लज्ज.

"सोडून द्या ना बाबा ती साइट," त्यांची थोरली मुलगी फोनवर म्हणायची. ती तिच्या संसारात, दूर दुसऱ्या शहरात होती. "दुसऱ्या ढिगाने आहेत. मी बसल्या बसल्या लावून देते."

"मला हीच बरी."

"मग रोज शिव्या का घालता तिला? फुकटच्या गायीचे दात मोजू नयेत."

"दात मोजूनच तुला वाढवलीय," असं म्हणून ते फोन बायकोच्या हातात देत.

खरं कारण पानाच्या उजव्या कोपऱ्यात होतं. साइट लावून दिली होती धाकट्याने, त्यांच्या मुलाने, आणि लावताना बापाचं आणि स्वतःचं खातं एकमेकांना जोडून ठेवलं होतं. दुसरा त्या वेळी साइट बघत असला की त्याच्या नावापुढे हिरवा ठिपका लागायचा, नसला की करडा. त्यानंतर लवकरच बाप-लेकाचं वाजलं. धाकट्याला कवळ्या करायच्या नव्हत्या. त्याला लांबच्या एका बंदरावर, मालाच्या कचेरीत नोकरी लागली होती. शब्दाने शब्द वाढला आणि कवळीवाल्यांनी मेणाची सुरी टेबलावर आपटून म्हटलं, "जातोस तर जा. मागे वळून बघू नकोस."

धाकटा गेला. पोचल्यावर त्याने आईला खोलीचा पत्ता कळवला, काही महिने फोनही केले. मग तो नंबर लागेनासा झाला. घरात कुणाच्या घशाखाली घास उतरेना. थोरली म्हणाली, मी जाऊन येते त्या पत्त्यावर. ती निघणार, तेवढ्यात एका संध्याकाळी कवळीवाल्यांना धाकट्याच्या नावापुढे हिरवा ठिपका दिसला.

दुसऱ्या दिवशी तो होता, तिसऱ्या दिवशीही. बरोबर त्यांच्या बसायच्या वेळेला. कवळीवाले कुणापुढे रडणाऱ्यांतले नव्हते, पण त्या तिसऱ्या संध्याकाळी ते न्हाणीघरात जाऊन नळ सोडून उभे राहिले. मागे वळून बघू नकोस म्हटलं होतं, आणि पोरगं रोज मागे वळून बघत होतं. याहून जास्त काय हवं?

बायकोने थोरलीला थांबवलं. "रुसलेल्या माणसामागे धावू नये. तो आणखी लांब पळतो. रोज येतोय ना, मग पायांनीही येईल एक दिवस."

तेव्हापासून पाच वर्षं ती रोज संध्याकाळी नवऱ्याशेजारी खुर्ची ओढून बसायची. तिला शेअर्समधलं ओ की ठो कळत नव्हतं. ती फक्त कोपऱ्याकडे बघायची. बसायच्या आधी केस नीट करायची, चेहऱ्यावरून ओला हात फिरवायची, पलीकडून दिसणार असल्यासारखी. कवळीवाले तिला त्यावरून कधी चिडवत नसत. त्यांचंही तसंच झालं होतं. पान उघडून ठिपका दिसला की खोलीत तिसरं कुणी असल्यासारखं वाटायचं. मग आवाज आपोआप खाली यायचा आणि भांडण चाललं असेल तर ते जागच्या जागी मिटायचं. निरोपाची एक चौकट होती साइटवर. तीत ते लिहायचे, 'बरा आहेस का', आणि साइट म्हणायची, 'निरोप पाठवता आला नाही.' त्यांच्या निम्म्या तक्रारी त्या चौकटीबद्दलच होत्या.

घराच्या पुढच्या खोलीतच त्यांचा कारखाना होता, आणि त्याला लागून चष्म्याचं दुकान. दात आणि डोळे, मध्ये एक भिंत. चष्मेवाले स्वभावाने गरीब, बायको वारल्यापासून तर फारच मवाळ झालेले. ती असताना धाकट्याने त्या नवरा-बायकोलाही हीच साइट लावून दिली होती, खाती अशीच जोडून. एका दुपारी गिऱ्हाईक नव्हतं तेव्हा ते भिंतीवर टकटक करून म्हणाले, "या जरा इकडे. दोघांनी मिळून एक सणसणीत तक्रार लिहू. माझ्या औषध कंपनीचा भाव शून्य दाखवतायत."

कवळीवाले हातावरचं प्लास्टर झटकत गेले. भिंतीभर चष्म्यांच्या रिकाम्या चौकटी टांगलेल्या होत्या. ते वाकून पडद्यावरचा शून्य बघायला गेले आणि त्यांची नजर सवयीने उजव्या कोपऱ्यात गेली. तिथे चष्मेवाल्यांच्या बायकोचं नाव होतं आणि नावापुढे हिरवा ठिपका.

"वहिनींचं खातं कोण बघतंय?" त्यांनी विचारलं.

"कोण बघणार? पासवर्ड तिलाच ठाऊक होता." चष्मेवाले एक काच पुसत होते. "अडकलाय तो. कुणाचाही बघा, दिवसरात्र हिरवाच. तिला पोचवून आलो, सहज साइट उघडली, तर ही हजर. घाबरून संगणकच बंद केला मी." काच उजेडाकडे धरून ते थोडं हसले. "आता सवय झालीय. तक्रारीत ठिपक्याचं लिहू नका हं. भाव दुरुस्त करू देत. हा राहू दे."

कवळीवाल्यांनी तक्रार तशीच टाकली. ते आपल्या जागेवर आले. फळीवर तयार कवळ्या ओळीने मांडल्या होत्या, सगळ्या हसत. त्यांनी आयुष्यात पहिल्यांदा दुपारी साइट उघडली. धाकटा होता. दुसऱ्या दिवशी भल्या सकाळी उघडली, तरी होता. कारखाना बंद करताना, जेवून उठताना, केव्हाही उघडा, तो आपला बसलेला. जो माणूस कधी जातच नाही तो कधी आलेलाही नसतो, हे समजायला शहाणपण लागत नाही. ते कवळीवाल्यांना पाच वर्षांत सुचलं नाही, कारण त्यांनी कधी दुसऱ्या वेळेला बघितलंच नव्हतं. बघायचं धाडस नव्हतं, असंही म्हणता येईल.

बायकोला सांगायचं कसं? रोज सकाळी ते ठरवायचे आणि रोज संध्याकाळी ती केस नीट करून बसली की ते उद्यावर ढकलायचे. त्या दिवसांत त्यांनी दोन कवळ्या बिघडवल्या, आणि दंतवैद्याने फोन करून तब्येत विचारली. शेवटी एका संध्याकाळी बायको पडद्याकडे बघत म्हणाली, "अहो, त्याला बढती मिळाली असेल का हो एव्हाना?" आणि त्यांना ते सहन झालं नाही.

"अगं, तो तिथे नाहीये," ते म्हणाले. "तो ठिपका बिघडलाय. चष्मेवाल्या वहिनींचाही लागलाय तसाच."

ती आधी हसली. मग तिने त्यांच्या तोंडाकडे पाहिलं.  ती आकांत करेल, आपल्याला बोल लावेल, म्हणून कवळीवाले खांदे आवळून बसले होते.

"म्हणजे," ती सावकाश म्हणाली, "पाच वर्षं आपण त्याला शोधलंच नाही."

ती उठली आणि माळ्यावरची बॅग काढायला स्टूल शोधू लागली.

दुसऱ्या दिवशी ते बसने निघाले. धाकट्याने कळवलेला पत्ता बंदरामागच्या एका उंच, अरुंद इमारतीतला निघाला. जिन्याला तेलकट वास होता आणि कठडा खारट हवेने गंजला होता. वाटेत दोघांनीही काय काय मनात आणलं असेल ते न सांगितलेलं बरं. वरच्या मजल्यावर घरमालकीण कपडे वाळत घालत होती. कवळीवाल्यांनी धाकट्याचं नाव घेतलं, तसा तिचा चिमटा हातातच राहिला.

"तुम्ही कोण त्याचे?"

"आईवडील," बायको म्हणाली.

घरमालकिणीने दोघांना खालपासून वरपर्यंत पाहिलं. तिच्या नजरेत राग होता आणि तो लपवायची तिला गरज वाटली नाही.

"आत्ता आलात होय?" ती म्हणाली. "कचेरी बंद पडली तेव्हाच त्याने खोली सोडली. फोनही विकला बिचाऱ्याने. पण नंतर यायचा इथे. दर महिन्याला, न चुकता. दारातच उभा राहायचा आणि विचारायचा, मावशी, माझी चौकशी करायला कुणी आलं होतं का? मी नाही म्हणायची. तो बरं म्हणायचा आणि जिना उतरायचा."

"घरी का नाही आला तो?" कवळीवाल्यांचा आवाज फाटला. "फोन तरी करायचा..."

"मीही म्हटलं होतं, माझ्या फोनवरून लाव. म्हणाला, मावशी, नोकरी होती तोवर फोन केले, आता कुठल्या तोंडाने करू? मला मागे वळून बघायचं नाही असं सांगितलंय. पण कुणी न्यायला आलं तर मी एका पायावर तयार आहे."

बायकोने गंजका कठडा दोन्ही हातांनी धरला.

"शेवटचा कधी आला होता?" तिने विचारलं.

"गेल्या हिवाळ्यात. अंगात ताप होता. आत ये म्हटलं, आला नाही. त्यानंतर नाही आला." घरमालकिणीचा आवाज आता उतरला होता. "कुठे राहतोस विचारलं की नुसता हसायचा. मला खरंच माहीत नाही हो."

खाली रस्त्यावर कुणीतरी ट्रक मागे घेत होतं, त्याचा पीं पीं आवाज जिन्यात घुमत होता. बायको खाली वाकून जिन्याकडे बघत राहिली. कवळीवाल्यांनी बॅग खाली ठेवली.

"त्याची खोली रिकामी आहे का?" त्यांनी विचारलं.

"आहे. पण तुम्ही किती दिवसांसाठी म्हणताय?"

"ते आता आमच्या हातात नाही," कवळीवाले म्हणाले आणि त्यांनी बॅग उचलली.