सहभागी क्रमांक चौदा

मित्रांनो, ड्रेस्डेनमधल्या एका घरात अभ्यासाच्या टेबलाला तीन खण आहेत. सगळ्यात खालच्या खणात गुंतलेल्या वायरी, एक मोडका स्टेपलर आणि मी असे राहतो. मी आहे एक जुना रेकॉर्डर, तळहातावर मावणारा, माणसांचं बोलणं टिपून ठेवणारा. माझ्या जाळीवर एका कोपऱ्यात लाल डाग आहे. तो कुंकवाचा आहे, आणि तो कसा लागला तेही सांगणार आहे. जन्मभर मी दुसऱ्यांचं ऐकलं, मध्ये एकदाही तोंड घातलं नाही. आज थोडं माझं ऐका.

माझा जन्म कुठल्या कारखान्यात झाला ते माझ्या पाठीवर बारीक अक्षरांत छापलेलं होतं, पण हातांच्या घामाने ती अक्षरं केव्हाच गेली. मला आठवतं ते बर्लिनमधलं दुकान. तिथून मालविकाताईंनी मला घेतलं. त्या पुण्याच्या, कायदा शिकलेल्या. त्यांचे यजमान उल्हास इथे ड्रेस्डेनमध्ये चिप बनवणाऱ्या कारखान्यात इंजिनिअर. मालविकाताईंना डॉक्टरेट करायची होती. झांबियात गावाची जमीन मोठ्या प्रकल्पाला देताना कायदा काय म्हणतो, कारभार प्रत्यक्षात कसा चालतो आणि त्यातून होणारा विकास कोणाच्या पदरात पडतो, हा त्यांचा विषय. घरी आलेले पाहुणे तो ऐकून गंभीरपणे मान डोलवायचे आणि मग हळूच ड्रेस्डेनच्या घरभाड्यांकडे वळायचे.

२०१८ साली आम्ही सियामोंगे नावाच्या गावी गेलो. तिथल्या जमिनीला कागद नव्हता. पिढ्यान् पिढ्या रीतीने चालत आलेली जमीन, आणि हद्द कुठून कुठे जाते हे ज्याला सांगता येईल तोच तिचा पुरावा. एका कंपनीला तिथे ऊस लावायचा होता. गावाने हो म्हटल्याशिवाय जमीन देता येत नव्हती, म्हणून उंबराच्या झाडाखाली सभा भरली. मालविकाताईंनी परवानगी घेऊन मला एका पालथ्या घमेल्यावर ठेवलं.

मुटिन्टा नावाच्या आजी उभ्या राहिल्या. त्यांची मुलगी लुयांडो, गावच्या शाळेतली शिक्षिका, शेजारी बसून मालविकाताईंना सगळं इंग्रजीत सांगत होती. आजींनी आधी स्वतःचं नाव सांगितलं. मग माझ्याकडे बोट करून त्या म्हणाल्या, "माझं नाव कुठल्याच कागदावर नाही. ह्याच्यात तरी राहू दे."

नंतर त्यांनी हद्द सांगितली. नदीच्या वळणापासून सुरुवात करून झाडामागून झाड, कबरीमागून कबर, कोण कुठे पुरलं आहे आणि तो कोणाचा कोण. बावीस मिनिटं त्या थांबल्या नाहीत. शेवटी म्हणाल्या की ही जमीन आम्ही देत नाही. त्यांच्यामागून चाळीस जण उठले आणि एकेकाने नाही म्हटलं. एवढे सगळे माझ्या पोटात व्यवस्थित मावले, आणि खरं सांगतो, त्या दिवशी मला स्वतःचा फार अभिमान वाटला.

आता चूक सांगतो. ती सभेत झाली नाही. ती त्याआधीच ड्रेस्डेनमध्ये, एका नीटनेटक्या टेबलावर झाली होती. विद्यापीठाचा संमतीचा फॉर्म होता, सहा पानी. पाचव्या पानावर तीन चौकोन होते. संशोधन संपल्यावर आवाज विद्यापीठाच्या कुलुपात ठेवायचे, की प्रत गावाला परत द्यायची, की पुसून टाकायचे. पहिल्या दोन्हींसाठी आणखी पत्रं, आणखी एक समिती आणि आणखी दोन महिने लागणार होते. विमानाचं तिकीट काढून झालं होतं. मालविकाताईंनी तिसऱ्या चौकोनात बरोबरची खूण केली. गावात सांगताना त्या एवढंच म्हणाल्या की तुमची नावं बाहेर जाणार नाहीत. लोकांनी विश्वासाने अंगठे दिले. पाचवं पान कोणी वाचून दाखवलं नाही.

परत आल्यावर त्यांनी सगळं उतरवून काढलं. इथे डाटेनशुट्झ, म्हणजे लोकांची माहिती गुप्त राखणं, देवघराइतकं पवित्र. गाव ओळखू येईल असं काही राहता कामा नये. मुटिन्टा आजी सहभागी क्रमांक चौदा झाल्या. सियामोंगे 'गाव ब' झालं. झाडांच्या जागी 'वृक्ष १', 'वृक्ष २' आले, कबरींच्या जागी 'स्थळ १', 'स्थळ २'. हे काम मालविकाताईंनी फार निगुतीने केलं. शाळेत त्यांच्या वहीत कधी खाडाखोड नसायची, असं त्यांच्या आई फोनवर कौतुकाने सांगायच्या.

२०२१ साली प्रबंध उत्तम श्रेणीत पास झाला. मग विद्यापीठातल्या फ्राऊ क्रेचमार यांचं पत्र आलं, की लोशप्रोटोकोल पाठवा, म्हणजे पुसल्याचा सही केलेला दाखला. उल्हास म्हणाले, "अगं, एक कॉपी ठेव की घरी. कोण बघतंय?"

"नाही रे. मी लिहून दिलंय. नियम म्हणजे नियम, गेनाऊ, अगदी तंतोतंत."

नुसतं पुसून भागत नाही, मित्रांनो. जिथे आवाज होता तिथे निरर्थक खरखर भरावी लागते, तीही तीनदा, म्हणजे कोणालाच काही परत काढता येऊ नये. आधी कॉम्प्युटरवरचं गेलं, मग माझ्यातलं. आजी बोलत होत्या हे मला आठवतं, पण हद्द कुठल्या झाडावरून कुठल्या कबरीकडे गेली ते आता माझ्यापाशी नाही. दोनच दिवसांनी खंडेनवमी होती. मालविकाताईंनी लॅपटॉप, उल्हास यांचे पाने-पेचकस आणि मी, असे पाटावर मांडले, हळदकुंकू वाहिलं, तुर्की दुकानातून आणलेलं झेंडूचं फूल ठेवलं. माझ्याकडे बघून त्या म्हणाल्या की ह्याच्यामुळे माझं काम झालं. तेव्हाचा हा डाग. रिकाम्या पोटी मी पूजा करून घेतली, याची मला आजही लाज वाटते.

मग मी खणात गेलो. आता मुलाखती मोबाइलवर होतात.

गेल्या वर्षी लुयांडोचं पत्र आलं. मालविकाताईंनी ते याच टेबलाशी बसून उल्हासना वाचून दाखवलं. जमीन कंपनीला मिळाली होती. कंपनीच्या कागदांत लिहिलं होतं की उंबराखालच्या त्या सभेत गावाने एकमताने होकार दिला. घरं मुरमाड माळावर हलवली गेली आणि पहिल्याच उन्हाळ्यात मुटिन्टा आजी तिथे वारल्या. गाव कोर्टात गेलं होतं. लुयांडोने लिहिलं होतं की मी निर्धास्त आहे, कारण त्या दिवसाचं सगळं तुझ्याकडे आहे. आणि कोर्टाचं काम झालं की आईचा आवाज मला एकदा ऐकायचा आहे.

मालविकाताईंनी प्रबंध पाठवला, शपथपत्र पाठवलं. समोरच्या वकिलाने विचारलं की 'गाव ब' म्हणजे हेच गाव कशावरून, आणि चौदा नंबरची बाई कोण. मूळ आवाज मागितला गेला. तेव्हा देण्यासारखा एकच कागद उरला होता, तो लोशप्रोटोकोल. त्यात तारीख होती, सभा किती मिनिटं चालली ते होतं आणि खाली मालविकाताईंची स्वच्छ सही होती.

रविवारी दुपारी त्यांनी लुयांडोला फोन करून खरं काय ते सांगितलं. फोन टेबलावर होता, म्हणून मला ऐकू आलं.

"आम्ही तुला पुसायला सांगितलं नव्हतं," लुयांडो म्हणाली. "आईला वाटायचं, तुझ्याकडे आहे. म्हणून तिने हद्द कोणाला शिकवली नाही आणि आम्हीही पाठ केली नाही. पुसण्याआधी तू एकदा विचारलं असतंस तर मी ती पाठ केली असती."

निकाल जानेवारीत लागला. गावकऱ्यांच्या नुसत्या तोंडी साक्षींवरून गावाचा विरोध सिद्ध होत नाही, असं कोर्टाने म्हटलं. कबरींवर आता ऊस उभा आहे.

त्या दिवशी मालविकाताईंनी मला बाहेर काढलं, नवे सेल घातले आणि बटण दाबलं. "मुटिन्टा," त्या म्हणाल्या. "नदीच्या वळणापासून..." पुढचं झाड त्यांना आठवेना. एक मिनिट चाळीस सेकंदांनी त्यांनी बटण बंद केलं आणि रडत रडत मला पुन्हा खणात ठेवलं.

मित्रांनो, मालविकाताई वाईट नाहीत. त्यांनी दिलेला शब्द पाळला, फक्त तो कोणाला दिला हे विसरल्या. कोणी आपलं सर्वस्व विश्वासाने तुमच्या हातात ठेवलं, तर फॉर्मवर खूण करण्याआधी त्याला जाऊन विचारा. माझ्यासारख्या यंत्रावर सगळं सोपवू नका, थोडं स्वतः पाठ करा. माझ्यात साठ तासांची जागा आहे. तिच्यात एक नाव आहे, एक नदीचं वळण आहे, आणि पुढे काही नाही.