मागे गेलेल्यांची गोधडी

मंडळी, घरातली एखादी वस्तू कामाची उरली नाही की आपण काय करतो? टाकवत नाही. मग माळ्यावर ठेवतो आणि विसरून जातो. वस्तूचं ठीक आहे हो. पण माणसाचं?

एका वृद्धाश्रमात पुढच्या बाजूला मोठी, उजेडाची खोली होती. तिथे दर गुरुवारी दुपारी गोधडीचं टेबल मांडलं जाई. शिकवायला शिवणबाई. हात सोन्याचा, पण जीभ कात्रीसारखी. मागच्या बाजूला लांबच लांब व्हरांडा, आणि त्याच्या टोकाला अंथरुणाला खिळलेल्यांच्या खोल्या. कुणाला तिकडे हलवलं की टेबलावरच्या बायका एवढंच म्हणत, "त्या मागे गेल्या." आणि पुन्हा त्यांचं नाव निघत नसे.

मागे आश्रमाचे पांढरे कपडे घालायचे. म्हणून मागे गेलेल्यांचे स्वतःचे कपडे दुसऱ्याच दिवशी गोधडीच्या टोपलीत येत. वारलेल्यांचे कपडेही तिथेच येत. टोपली एकच!

चष्मेवाल्या आजी मागे गेल्या तेव्हा त्यांचा निळ्या ठिपक्यांचा गाऊन असाच आला. शिवणबाईंनी त्याचे चौकोन कापले. हात जरासुद्धा थांबला नाही. आजी जिवंत आहेत हे त्यांना ठाऊक होतं का? होतंही आणि नव्हतंही. आपल्या सगळ्यांना पुष्कळ गोष्टी अशाच ठाऊक असतात.

या आजी टेबलापाशी बसून मोठ्याने पुस्तक वाचायच्या. बायका टाके घालत आणि आजी वाचत. एका नावाड्याची लांबलचक गोष्ट चालली होती. "यातून शिकायचं काय, आजी?" असं कुणी विचारलं की त्या चष्मा वर सारून म्हणत, "काही नाही गं! पुढे काय होतं ते बघायचं!" त्या मागे गेल्यावर शिवणबाईंनी पानांत लाल दोरा घातला आणि पुस्तक कपाटात कुलूपबंद केलं. किल्ली त्यांच्या गळ्यात. त्यानंतर टेबलावर वाचन झालं नाही. कात्रीचा आवाज तेवढा यायचा.

टेबलाच्या वेळी आणखी दोघे येत, कुत्रेवाले काका आणि त्यांचे भाऊसाहेब. काका निवृत्त पोस्टमन. भाऊसाहेब म्हणजे त्यांचा तपकिरी, म्हातारा, शहाणा कुत्रा. म्हाताऱ्या माणसांना सोबत करायला तो खास शिकवलेला होता. एकेकीच्या मांडीवर डोकं ठेवायचा, आणि ज्या बाईला महिनाभर कुणाचा फोन आलेला नसे तीसुद्धा हसायची.

पण आजी मागे गेल्यापासून भाऊसाहेबांचं काहीतरी बिनसलं. ते कुणाकडे जाईनात. आजींच्या रिकाम्या खुर्चीसमोर बसत, कान टवकारून. मधूनच मान वर करत, क्षणभर थांबत, पुन्हा खाली घालत. आजी पान उलटायच्या तेव्हा ते अगदी असंच करायचे.

आठव्या गुरुवारी सगळ्यांच्या सुया थांबल्या.

"काका," बडबड्या मावशी म्हणाल्या, "तुमच्या भाऊसाहेबांना कमी ऐकू येतं ना? मग हे ऐकतायत तरी काय?"

भाऊसाहेब उठले, अर्धवट गोधडीपाशी आले, निळ्या ठिपक्यांवर नाक ठेवून बारीक आवाजात कण्हले.

"पुरे झाले खेळ!" शिवणबाई म्हणाल्या. "थांबा, पुस्तकच काढून देते. बसा वाचत." त्यांनी कपाट उघडलं आणि दोरा होता तिथे पुस्तक उघडलं. दोरा त्यांनी घातला होता तो नाव किनाऱ्याला बांधलेली असते त्या पानात. आता तो तीसेक पानं पुढे होता. तिथलं पहिलंच वाक्य त्यांच्या नजरेला पडलं: 'धुक्यात नाव सुटली, आणि वल्ही धरायला कुणीच नव्हतं.'

त्यांनी गळ्यातली किल्ली चाचपली. "कपाट कुणी उघडलं होतं?" बायकांनी माना हलवल्या.

काका हळूच म्हणाले, "बाई, आठ आठवडे हा व्हरांड्याकडे ओढतोय. त्याला मागे जायचंय."

"मागे कुत्र्याला परवानगी नाही. आणि तिथे कुणाला काय कळतंय?"

"मी पस्तीस वर्षं टपाल वाटलं. दार बंद दिसलं की पाकिटावर 'घरी कुणी नाही' असं लिहून परत धाडायचं, ही सगळ्यात सोपी वाट. आत माणूस उठेपर्यंत उभं राहायचं कुणी? बाई, तुम्ही कधी दार ठोठावलंत?"

शिवणबाईंनी टेबलावरची अर्धवट गोधडी उचलून खांद्यावर टाकली. "चला," त्या म्हणाल्या. "परवानगीचं मी बघते."

व्हरांड्यात पाऊल टाकलं तसा खोलीतला गलबला विझला. भाऊसाहेबांची नखं फरशीवर टकटक वाजत होती. दोन्ही बाजूंना बंद दारं. शेवटच्या दारापाशी ते बसले आणि त्यांनी कान टवकारले.

आतून कुजबुज येत होती. एका लयीत, मधे थांबून, पुन्हा.

शिवणबाईंनी दार ठोठावलं. कुजबुज थांबली नाही. त्यांनी दार ढकललं.

पांढऱ्या चादरीखाली आजी होत्या, मुठीएवढ्या उरलेल्या. चष्मा नव्हता, मागे कशाला लागतो म्हणून कुणीतरी काढून ठेवलेला. डोळे छताकडे. दोन्ही हात छातीवर असे धरलेले, जणू त्यांत पुस्तक आहे. बोटांनी हवेतलं पान उलटलं, आणि ओठ हलले:

"धुक्यात नाव सुटली... आणि वल्ही धरायला कुणीच नव्हतं..."

देवा! शिवणबाईंनी चौकट घट्ट धरली.

भाऊसाहेबांनी खाटेवर डोकं टेकलं. आजींचा हात चाचपडत त्यांच्या कानावर आला. "आलात होय? आज अगदी जवळ बसलात." मग शिवणबाई पुढे झाल्या, आणि तो हात त्यांच्या खांद्यावरून ओघळलेल्या गोधडीला लागला. एका चौकोनावर बोटं थांबली.

"हा माझा गाऊन."

त्यांनी चौकोनाची शिवण चाचपून पाहिली.

"अगं, मेल्यावर तरी कापायचा होतास," आजी शांतपणे म्हणाल्या. "मी अजून आहे ना?"

"चुकले, आजी!" शिवणबाई खाटेपाशी खाली बसल्या. "नुसती चूक नाही, पाप झालं माझ्या हातून!"

"रडू नकोस, गोधडी भिजेल. माझ्या अंगावर घाल ती, थंडी वाजते. आणि चष्मा शोध. पुढचं पाठ नाही मला."

पुढच्या गुरुवारी टेबल व्हरांडा ओलांडून मागे गेलं, आणि तिकडची सगळी दारं उघडली गेली. टोपलीला शिवणबाईंनी एक चिठ्ठी टाचली: 'मालकाला विचारल्याशिवाय कात्री लावू नये.' आजी आणखी चार महिने वाचत राहिल्या. नावाडी घरी पोचला त्या गुरुवारी त्यांनी चष्मा काढला, गोधडी हनुवटीपर्यंत ओढून घेतली आणि शांत झाल्या. या वेळी खोली माणसांनी भरलेली होती.

पुस्तक पुन्हा कपाटात गेलं. आठवड्याने शिवणबाईंनी ते काढलं तेव्हा लाल दोरा पहिल्या पानात होता. तो कोण सरकवतं, हे त्यांनी या खेपेला कुणाला विचारलं नाही. खुर्ची ओढली, घसा साफ केला आणि वाचायला बसल्या. भाऊसाहेबांनी कान टवकारले.

बंधुभगिनींनो, मेलेल्यांची आठवण काढायला आपल्याला सवड असते. जिवंत माणसाला मात्र आपण 'आता त्यांना काही कळत नाही' असं म्हणून आधीच पोचवून येतो. तुमच्याही ओळखीत कुणीतरी मागे गेलेलं असेल. त्यांच्याकडे जा. फळं नेऊ नका, उपदेश तर नकोच. एखादी मजेची गोष्ट न्या आणि शेजारी बसून वाचा. आणि दार उघडायला उशीर लागला तर उभे राहा. आत कुणीतरी आहे!