थोडंच राहिलंय

"एवढ्या पहाटे माणूस दोनच कारणांनी उठतो," माझ्या मानेजवळ कुणीतरी पुटपुटलं. "एक तर घरात कुणी आजारी असतं, नाहीतर कुणी गेलेलं असतं. आणि आपण काय, तर म्हणे हौस!"

वळून बघायलाही जागा नव्हती. हजारो माणसं मेंढरांसारखी दोरीच्या आत उभी. मान तिरकी केली तेव्हा दिसला, चष्म्याला दोरी बांधलेला, पोट सुटलेला एक गृहस्थ. बोलत होता तो कुणाशीच नाही, माझ्या मानेशी.

"बरोबर बोलतोय," मी धाकटीच्या कानात म्हटलं.

"ताई, हळू. ऐकेल तो."

"ऐकू दे. एवढ्या मोठ्या शहरात एक तरी शहाणा भेटला."

धाकटी म्हणजे माझी धाकटी जाऊ. आमच्या घरात तिला सगळे धाकटीच म्हणतात, आता तिचे केस पांढरे व्हायला लागले तरी. आमची लॉन्ड्री आहे. गल्लीच्या टोकाला, खाली यंत्रं आणि वर आम्ही चौघं. मुलं होती ती शिकून लांब गेली, आणि शहाणी म्हणून लांबच राहिली. नदीकाठच्या मोठ्या हॉटेलच्या चादरी, उश्यांचे अभ्रे, टॉवेल, सगळं आमच्याकडे येतं. गाडी आमचे हे चालवतात. ड्रम आणि बॉयलर धाकट्या दिरांकडे. वाळवून आलेल्या चादरी इस्त्रीच्या रोलरमधून काढायच्या आणि घड्या घालायच्या, हे आम्हा दोघींचं काम.

ह्या मॅरेथॉन शर्यतीच्या दोन जागा त्या हॉटेलनेच दिल्या होत्या. पळणारे पाहुणे त्यांच्याकडे उतरतात, म्हणून त्यांना काही जागा मिळतात. त्यातल्या उरल्यासुरल्या आमच्यासारख्यांना. मॅनेजरनी विचारलं तेव्हा मी धाकटीकडे बघितलं आणि तिच्या डोळ्यांत काहीतरी चमकलं. म्हटलं, बिचारीने जन्मात काही मागितलं नाही, एवढं तरी होऊ दे. म्हणून मी "पळू की" म्हणाले. त्या दिवसापासून बॉयलर तापायच्या आधी आम्ही दोघी उठून पळायला जात होतो. मी मनातल्या मनात रोज तिला शिव्या घालत होते, आणि रोज तिच्या आधी बुटाच्या नाड्या बांधून दारात उभी राहत होते.

भोंगा वाजला. आपण पळायला लागलो असं वाटलं, पण पळत कुणीच नव्हतं, सगळे सरकत होते. बऱ्याच वेळाने पायांपुढे रस्ता मोकळा झाला.

पहिल्याच चौकात एक बाई खिडकीतून ओरडली, "शाब्बास! थोडंच राहिलंय!"

"हिला फुकट खोटं बोलायला कुणी बसवलंय?" मी म्हटलं.

धाकटी हसली. मग पुढे ते वाक्य आम्हाला प्रत्येक वळणावर भेटत राहिलं. छोट्या पोरापासून काठी टेकणाऱ्या आजोबांपर्यंत सगळे एकच सांगत होते, थोडंच राहिलंय. लोक किती प्रेमाने खोटं बोलतात!

आमची चाल एकसारखी पडते. त्यात कौतुक काही नाही, ती चादरींची सवय. मोठ्या पलंगाची चादर एकटीला घडी करता येत नाही. दोन टोकं मी धरायची, दोन तिने. एक झटका द्यायचा, सुरकुती काढायची. मग ती चालत माझ्याकडे येते, आपली टोकं माझ्या हातात देते, खाली वाकून मधली घडी उचलते आणि परत मागे जाते. दिवसभर हेच. समोरचीचा हात कधी ढिला पडेल, ती कधी वाकेल, हे न बघता कळतं. सासूबाईंनी शिकवलेला एकच नियम: समोरचीच्या हातात दिल्याशिवाय टोक सोडायचं नाही. चादर जमिनीला लागली की गेली परत ड्रममध्ये. गाठोड्यालाही तोच नियम. बांधलेलं गाठोडं घटकाभर जरी जमिनीवर टेकलं, तरी त्या सगळं सोडवून परत धुवायला लावायच्या. आतल्या चादरींना बाहेरच्या फडक्याचं काय सोयरसुतक, असं एकदा दीर म्हणाले होते. त्यांना दोन दिवस जेवताना त्यांच्या आईने बोलू दिलं नाही.

सासूबाई जाऊन वर्ष झालं. नियम आहेत तिथेच आहेत.

पूल ओलांडला तेव्हा ऊन चढलं होतं. माझ्या उजव्या अंगठ्याचं नख बुटात वेगळा संसार थाटू बघत होतं. मांड्या घासून चिकटपट्टी कधीच निघून गेली होती. धाकटीच्या गालावर मिठाच्या रेघा आल्या होत्या. पाण्याच्या टेबलापाशी कागदी पेल्यांचा चिखल झाला होता, त्यात पाय पडला की चपकन आवाज यायचा. मी एक पेला उचलला, अर्धा प्यायले, अर्धा तिला दिला. तिने उरलेलं पाणी माझ्या मानेवर ओतलं. बोलायचं कुणी नाही.

बोलायचं नव्हतं त्याला आणखी एक कारण होतं. दुसऱ्या दिवशी सकाळी मॅनेजर उत्तर घ्यायला येणार होते. हॉटेल मजले वाढवतंय. आणखी पाच वर्षं सगळं काम आम्हीच करायचं, चादरी दुप्पट. हो म्हणायचं की नाही, एवढंच सांगायचं होतं.

घरात त्यावर बोलणं झालं होतं. बोलणं म्हणजे काय, जेवणानंतर चौघं ताटं समोर घेऊन बसलो होतो. ह्यांनी विचारलं, "काय करूया?" मी म्हटलं, "तुम्हाला वाटेल तसं." दीर म्हणाले, "दादाला वाटत असेल तर घेऊ की." धाकटी म्हणाली, "ताईंना झेपत असेल तर मला काय!" आणि हे म्हणाले, "मग घेऊया." असा एकमताने निर्णय झाला. नंतर हे आरशासमोर उभे राहून बराच वेळ कमरेचा पट्टा बांधत बसले होते. दीर खाली जाऊन ब्लीचच्या वाफेत खोकत होते, ते वर ऐकू येत होतं. धाकटीने मनगटाला तेल चोळलं. मी भांडी घासली, जरा जास्तच आवाज करून.

लॉन्ड्री ह्यांच्या आईची. त्यांनी पदर खोचून उभी केलेली. ह्यांच्यासाठी ती देवघरच, असं आम्ही तिघं धरून चाललो होतो. देवघर कुणी बंद करतं का?

बागेजवळच्या चढावर आम्ही चालायला लागलो. आधी कोण चालायला लागलं ते मला सांगता येणार नाही. दोघी एकदमच. मागे रस्त्यावर मोजकीच माणसं उरली होती, आणि त्यांच्याही मागून शर्यतवाल्यांची हळूबाई बस येत होती, थकलेल्यांना गोळा करत. तिच्या खिडक्यांमधून काय सुखी चेहरे दिसत होते!

चढाच्या टोकाला फुटपाथवर तो पहाटेचा गृहस्थ बसला होता. एक बूट काढून आपल्या पायाकडे, परक्याच्या पायाकडे बघावं तसं बघत होता.

"तुम्ही अजून जिवंत?" त्याने विचारलं.

"अर्ध्या," मी म्हटलं.

"माझ्या घरात कुणी आजारी नव्हतं हो," तो म्हणाला. "मुलाला दाखवायचं होतं, बाप अजून पळतो. तो घरी झोपलाय. तुमच्यात कुणाला हौस होती?"

आम्ही दोघींनी एकाच वेळी एकमेकींकडे बोट दाखवलं.

तो हसायला लागला. आम्ही हसलो नाही. दोघींची बोटं तशीच हवेत.

"मला?" धाकटी म्हणाली. "अहो ताई, मला कसली हौस! मॅनेजरनी विचारलं तेव्हा तुम्ही माझ्याकडे असं बघितलंत, मला वाटलं, ताईंना जायचंय, पण एकट्या कशा जातील?"

"मी बघितलं, कारण तुझे डोळे चमकले."

"डोळ्यात वाफ गेली होती माझ्या! रोलर चालू होता."

"आणि मग रोज पहाटे उठून..."

"तुम्ही दारात उभ्या असायच्यात. नाड्या बांधून. मी काय म्हणणार, नाही येत?"

"अगं, मी उभी असायचे कारण तू यायचीस!"

गृहस्थाने बूट पोटाशी धरून डोळे पुसले. "जा बायांनो," तो म्हणाला. "नाहीतर हसूनच मरेन, आणि घरात खरंच कुणी गेलेलं असेल."

पुढे निघालो. का निघालो ते विचारू नका. बस मागेच होती, हात केला असता तर थांबली असती. पण हात कुणी करायचा? थोडं गेल्यावर धाकटीला हसू फुटलं, मग मला. हसताना बरगडीत कळ आली, म्हणून दोघी रस्त्याच्या दुभाजकाला धरून उभ्या राहिलो. हसू ओसरलं. ती माझ्याकडे बघत होती. मी तिच्याकडे. दोघींच्या मनात एकच गोष्ट आली होती. अशी एकमेकांसाठी ओढलेली दुसरी गोष्ट कुठली, ते आम्हाला ठाऊक होतं. उद्या सकाळी तिचंच उत्तर द्यायचं होतं.

"ताई," ती म्हणाली.

"हं."

"काही नाही."

"बरं."

वळण घेतलं आणि हॉटेल दिसलं. रस्ता त्याच्या दारावरूनच जातो. इतकी वर्षं त्यांच्या चादरी धुतल्या, पण समोरून मी ते क्वचितच पाहिलेलं, आमचा संबंध मागच्या दाराशी. आज मागची गल्ली शर्यतीसाठी बंद, म्हणून गाडी लांब उभी करून सामान हाताने आणावं लागत होतं. समोरून आमचे हे येत होते. खांद्यावर मोठं गाठोडं, कमरेला पट्टा. मागून दीर, दोन्ही हातांत टॉवेलच्या पिशव्या, खोकत. ह्यांचा डावा पाय दर पावलाला जरा मागे राहत होता. हे रोज असेच चालतात, पण गाडीतून उतरून दारापर्यंतच, म्हणून रोज दिसत नाही. सलग चालताना दिसलं. चाळीस किलोमीटरच्या वर पळून आलेल्या बायकोपेक्षा माझा नवरा जास्त थकलेला होता.

आम्हाला बघून त्यांचा चेहरा उजळला. "अरे वा! आलात की!" ते ओरडले. "थांबू नका, थांबू नका! थोडंच राहिलंय!"

मी थांबले. धाकटीही.

"तुम्ही पण?" मी म्हटलं.

"काय मी पण?"

"सकाळपासून सगळं गाव हेच सांगतंय. तुम्ही तरी खोटं बोलू नका."

ते गोंधळले. खांद्यावरचं ओझं त्यांनी सावरलं. "पाय दुखतायत का? थोडं बस ना मग."

"दोघींना पळायचं नव्हतं," मी म्हटलं. "कळलं का? हिला वाटलं मला हौस आहे. मला वाटलं हिला आहे. दोघी एकमेकींसाठी पळतोय. इतके महिने. हाडं मोडेस्तोवर. आणि एकीनेही तोंड उघडलं नाही."

दीर हसणार होते, पण त्यांनी माझ्याकडे बघितलं आणि हसले नाहीत. हातातल्या पिशव्या मात्र तशाच धरून ठेवल्या, जमिनीपासून वीतभर वर, सासूबाई बघत असल्यासारख्या.

ह्यांनी माझ्याकडे बघितलं, मग धाकटीच्या मनगटाकडे, मग भावाकडे. आमच्या बाजूने दोन-तीन पळणारे गेले. कुणीतरी टाळ्या वाजवत होतं. ह्यांनी एक खांदा खाली केला. मला वाटलं, ओझं दुसऱ्या खांद्यावर घेतायत. पण त्यांनी गाठोडं सरळ खाली घेतलं आणि फुटपाथवर ठेवलं. तिथेही पडलेल्या पाण्याच्या पेल्यांच्या चिखलात. धुतलेल्या चादरी.

धाकटी सवयीने झेपावली. वाकताना तिच्या तोंडातून "आई गं" निघालं, तरी तिने दोन टोकं धरलीच, आणि दुसरी धरायला माझ्याकडे बघितलं. मीही हात पुढे केला होता.

"राहू दे," हे म्हणाले.

"भाऊजी, खराब होतंय," धाकटी म्हणाली.

"होऊ दे." ते कमरेवर हात ठेवून सरळ व्हायचा प्रयत्न करत होते, आणि नीट होता येत नव्हतं. "मला ही लॉन्ड्री नको आहे. आई होती तेव्हाही नको होती."