पुष्पाबाईंचे ओले पोते

मित्रांनो, मी एक जुना लष्करी ट्रान्समीटर आहे. जेवणाच्या डब्याएवढा, पुढे पितळी कर्णा असलेला. माझ्या आधीच्या यंत्रांच्या पोटात काचेचे दिवे असत, ते फार तापत. माझ्या पोटात तिळाएवढा स्फटिक आहे. तो कर्ण्याच्या तोंडातून लहरी सोडतो, एकेक ज्वारीच्या दाण्याएवढी. धुराला, धुळीला त्या जुमानत नाहीत. पाणी मात्र त्यांना गिळून टाकते. एवढे लक्षात ठेवा.

एका मे महिन्यात वडनेर भोलजीच्या शेतात माझी परीक्षा ठरली. माझ्या लहरी टिपायला वामनराव साहेब पार पलीकडच्या बांधावर बसले. माझ्याजवळ हवालदार अर्जुनराव, आणि दोघांमध्ये टेलिफोनची तार. संध्याकाळपर्यंत नीट चाललो नाही, तर मला भंगारात काढणार होते.

सकाळ उत्तम गेली. दुपारी शेताच्या मालकीणबाई, पुष्पाबाई, ताक घेऊन आल्या. त्यांनी मला हात लावला आणि झटकन मागे घेतला.

"काऊन हो भाऊ, याचं आंग तं तव्यावानी तापलं! असं उन्हात उभं करतेत काय कोणी?"

माठाला गुंडाळतात तसे त्यांनी मला ओले पोते गुंडाळले, थेट कर्ण्यासकट. अर्जुनरावांची सारी नोकरी दिव्यांच्या तापट यंत्रांवर गेलेली. त्यांनाही ते पटले.

फोन खणखणला. "अर्जुनराव, लहर गेली!"

"तापलं असन साहेब. पाणी मारतो!"

पुन्हा फोन, पुन्हा तांब्याभर पाणी. मित्रांनो, इतकी सेवा माझी प्रयोगशाळेतही झाली नव्हती, आणि इतका मुका मी कधीच झालो नव्हतो.

ऊन उतरले. फोनवर साहेब थकून म्हणाले, "बांधा त्याला. जाऊ द्या भंगारात."

पुष्पाबाईंचा चेहरा पडला. "चाललं बिचारं! पण माह्यं पोतं द्या हो भाऊ, सरकी भराची हाय मले." आणि त्यांनी ते ओढून काढले.

"आली! आली!" फोनमधून साहेब ओरडले.

"बोललं माय! लय दमलं असन," म्हणत पुष्पाबाईंनी हरखून पोते पुन्हा माझ्यावर टाकले.

"गेली!"

अर्जुनरावांनी पोत्याकडे पाहिले, माझ्याकडे पाहिले. "बाई, उचला बरं ते."

"आली!"

"आता ठेवा."

"गेली! अर्जुनराव, काय चाललंय तिकडे?"

अर्जुनरावांनी कपाळावर हात मारला. "हात जोडतो बाई, तापू द्या त्याले!"

मी पास झालो. पोत्यात सरकी भरली गेली. आता मी एका कपाटात असतो. कौतुकाने हात लावायला कोणी येत नाही, तेव्हा पुष्पाबाई फार आठवतात. मुलांनो, आम्हा यंत्रांची माया जरूर करा. फक्त आधी विचारून घ्या, आम्हाला काय सोसत नाही. आणि पोते घालायचेच असेल, तर तोंड तेवढे मोकळे ठेवा.