दादाची फौज

नवा मॅक कॉम्प्युटर दिसायला देखणा, पण धाकट्याच्या लेखी अगदीच कुचकामी निघाला. दादाचा आवडता लढाईचा गेम त्याच्यावर चालेचना. दोघा भावांनी कॉलेजात असताना खेळलेला गेम तो: लाकूड तोडायचं, घरं बांधायची, फौज उभी करायची आणि शत्रूवर तुटून पडायचं. या शहाण्या मॅकने त्याला दारातही उभं केलं नाही.

अर्धांगाचा झटका आल्यापासून दादा पलंगाला खिळला होता. बोलणं बंद, नजर आरपार. डावा हात तेवढा हलायचा. वहिनीने त्याला शुश्रूषागृहात ठेवायचं ठरवलं होतं. तिचंही चुकत नव्हतं म्हणा. त्याला उचलून, पुसून तिच्या कंबरेचा पार खुळखुळा झाला होता.

"त्याला घर काय नि ते काय, सारखंच," पलंगाशी उभी राहूनच ती म्हणाली. "सुटेल एकदाचा तर बरं. काय कळतंय त्याला?"

"त्याने मला ओळखलं तर ठेवशील घरी?"

"ओळखू दे तर खरं. हातापायांत जीव आहे तोवर करीन."

झालं, धाकटा इरेला पेटला. चष्म्याच्या दुकानात दिवसभर भिंगं घासायची आणि घरी आलं की मॅकपुढे ठाण मांडायचं. शेवटी मॅकच्या पोटात जुन्या कॉम्प्युटरचं सोंग आणणारा एक प्रोग्रॅम बसवला. गेम उघडला, पण असा सुसाट की घर बांधेपर्यंत शत्रूने गाव भुईसपाट करून टाकलं. वेग ताळ्यावर आणताना त्याच्या नाकी नऊ आले.

रविवारी दुपारी त्याने दादाला उशांच्या आधाराने बसवलं. गाव पूर्वीसारखं धाकट्यानेच बांधलं, कारण लढाई हे दादाचं खातं. फौज तयार झाली तसा त्याने माउस दादाच्या डाव्या हाताखाली सरकवला.

बराच वेळ काही नाही. मग पडद्यावरचा बाण हलला. दादाने सगळ्या फौजेभोवती नीट चौकट ओढली. धाकट्याला हसू आणि रडू एकदमच आलं.

फौज निघाली, ती शत्रूकडे नाही. नकाशाच्या टोकाला, पाण्याकाठच्या कोपऱ्यात जाऊन उभी राहिली. मागोमाग लाकूडतोडेही तिथेच गेले. शरण जायचं बटण दादाने जन्मात दाबलं नव्हतं. त्याला कमीपणा वाटायचा. हरलो की माणसं अशी कोपऱ्यात नेऊन तो माउस सोडायचा, आणि धाकट्याने मुकाट गेम बंद करायचा, हे दोघांत ठरलेलं. पण आज शत्रू अजून गावाकडे फिरकलासुद्धा नव्हता.

दादाने माउस सोडला आणि धाकट्याकडे पाहिलं. आरपार नाही, त्याच्याकडेच.

टॉवेल घेऊन वहिनी दारात आली. "ओळखलं का रे?"

"ओळखलं. सगळं कळतंय त्याला."

वहिनीचा चेहरा उजळला आणि तसाच विझला. "सगळं?" तिने हळूच विचारलं. "आपण इथे उभं राहून बोलायचो, ते पण?"

धाकट्याने दादाकडे पाहिलं. दादा अजून त्याच्याकडेच बघत होता, गेम बंद करायची वाट पाहत. आणि धाकट्याचा हात काही केल्या पुढे होईना.