नणंद-भावजयीची फायनल

नऊ वर्षं एकत्र खेळून आणि सात मोठ्या स्पर्धा जिंकून झाल्यावर शिडीने एका सकाळी फोन केला. शिडी म्हणजे चॅम्पियन बाईंची डबल्समधली जोडीदार. सहा फुटांच्या उंचीमुळे सगळ्या टेनिस कोर्टांवर तिला हेच नाव होतं.

"राग मानू नकोस," शिडी म्हणाली, "पण पस्तिशीनंतर पाय जड होतात. मी एका तरुण मुलीबरोबर खेळायचं ठरवलंय."

चॅम्पियन बाईंनी पंधरा दिवस रॅकेटला हात लावला नाही. सोळाव्या दिवशी नणंद दारात येऊन उभी राहिली. ती एकेरीच्या क्रमवारीत कधी दोनशेच्या वर सरकली नव्हती आणि आता क्लबात मुलांना शिकवत होती.

"वहिनी, माझ्याबरोबर खेळ."

"लोक हसतील."

"हसू दे की. दात त्यांचेच दिसतील."

पहिल्या चार स्पर्धांत दोघींनी सपाटून मार खाल्ला. पाचवीत सूर जुळला. आणि वर्षभराने मोठ्या स्पर्धेच्या फायनलला जाळ्यापलीकडे उभी होती शिडी, तिच्या तरुण जोडीदारासह.

पहिला सेट पंचवीस मिनिटांत गेला, सहा-दोन. वहिनी डावीकडे झेपावली की शिडी उजवीकडे मारी. ती जागेवर थांबली की चेंडू नेमका तिच्या पायाशी येई. नऊ वर्षांची सोबत आता अंगावर उलटली होती.

बाकावर टॉवेलने तोंड पुसत नणंद म्हणाली, "तिला तू पाठ आहेस. मी नाही. यापुढे कुठे मारायचं ते मी सांगते."

वहिनीच्या नाकाला मिरच्या झोंबल्या. आजवर सगळं तिने ठरवलं होतं. पण स्कोअरबोर्ड समोर होता. "सांग," ती म्हणाली.

सरळ मारावंसं वाटलं की नणंद म्हणे हळू टाक. पुढे धावावंसं वाटलं की म्हणे थांब. हात शिवशिवत होते, तरी ती ऐकत गेली. शिडी चुकू लागली. दुसरा सेट टायब्रेकमध्ये हाती आला, तेव्हा प्रेक्षक खुर्च्यांवर चढले होते. तिसऱ्यात पाच-चारची आघाडी आणि मॅच पॉइंट. सर्व्हिस तरुण मुलीची, परतवायची वहिनीने.

नणंद कानाशी आली. "उंच उचल. शिडीच्या मागे."

"शिडीच्या डोक्यावरून? वेड लागलंय का?"

"अशा वेळी तू कायम तिरकं हाणतेस. ती मधे धावणार."

चेंडू आला. मनगट तिरकं वळायला निघालं होतं, ते वहिनीने जेमतेम आवरलं आणि चेंडू वर उचलला. शिडी खरंच मधे झेपावली होती! तिने रॅकेट मागे ताणली, चार बोटं कमी पडली. तरुण मुलगी जीव खाऊन धावली. चेंडू रेषेवर पडला आणि पांढरी धूळ उडाली.

मग पंचांचा आवाज आला आणि सगळं स्टेडियम उठलं.

जाळ्यापाशी शिडीने वहिनीचा हात बराच वेळ सोडला नाही. "हे तू कधीच मारलं नसतंस."

"नाहीच मारलं असतं," वहिनी धापा टाकत म्हणाली. "नणंदेचं ऐकलं."

शिडीला हसू आलं. "सासर चांगलं मिळालं तुला."

वहिनी वळली तर नणंद कोर्टावर उताणी पडून लहान मुलीसारखी रडत होती. वहिनीने तिला उठवायला हात दिला, पण स्वतःचाच तोल गेला आणि तीही शेजारी धपकन बसली. आता दोघी हसत होत्या आणि चषक घ्यायला त्यांना तिसऱ्यांदा पुकारलं जात होतं.