रंगूनकडचा अजगर

क्लारा खुराड्याच्या दारापुढे खुर्ची टाकून बसली होती आणि काठ्या घेऊन आलेल्या शेजाऱ्यांना पुढे येऊ देत नव्हती. आत अजगर होता, तिच्या दोन कोंबड्या गिळून सुस्त पडलेला. कोंबड्या माझ्या गेल्यात, काय करायचं ते मी बघेन, असं तिने ठणकावल्यावर माणसं जरा मागे सरली.

गोडदेवहून दशरथ आला. पाण्याच्या पंपावरची नोकरी सांभाळून तो साप पकडायचा. क्लाराच्या गावात, तारोडीत, त्याला सगळे ओळखत. भरल्या पोटाला धक्का न लावता त्याने अजगर उचलला. क्लाराने पोतं उघडून धरलं. पण दशरथ अजगराच्या डोक्याकडे बघतच राहिला.

मग त्याने तिलाही दाखवलं. आपल्याकडचा अजगर फिकट असतो, डोक्यावरचा बाण नाकाकडे पुसट होत जातो. याचा बाण नाकापर्यंत ठसठशीत होता, अंग गर्द तपकिरी. आपल्या अजगराच्या ओठावरचे खवले डोळ्याला भिडतात. इथे मध्ये बारीक खवल्यांची आणखी एक ओळ होती.

"आंटी, हा इथला नाही. आसामपासून पुढे ब्रह्मदेशात असतात हे. कुणीतरी पाळला असणार, मोठा झाल्यावर दिला सोडून."

इथला असता तर वनखात्याने त्याला जवळच्या जंगलात सोडलं असतं. याला इथल्या रानात सोडून चालणार नव्हतं. आता जन्मभर प्राण्यांच्या केंद्रातच राहायचं त्याने.

"ब्रह्मदेश म्हंजे रंगून?" क्लाराने विचारलं.

"तिकडचाच."

तिचा नवरा लुईस बोटीवर खलाशी होता. रंगूनला तो तापाने पडला आणि बोट त्याला मागे ठेवून निघाली. बंदराजवळच्या एका बाईने, ना ओळख ना भाषा, त्याला घरात घेतलं, पेज भरवली, आपल्या पोराच्या अंथरुणावर निजवलं. लुईस परतला, पुढे पुष्कळ जगला. त्या बाईचं नाव त्याला कधी नीट उच्चारता आलं नाही. क्लारा प्रार्थनेत तिला 'रंगूनची बाय' म्हणे.

"तिच्या मुलखातला हाय," ती हळूच म्हणाली. "काठी न्हाय लागली त्याला, देवाची दया."

वनखात्याची गाडी आली तेव्हा ऊन तापलं होतं. दशरथने अजगराचं पोतं गाडीतल्या पेटीत ठेवलं. क्लाराने माठातलं पाणी ओतून एक गोणपाट भिजवलं, अजगराच्या पेटीवर पसरलं. वाटेत थांबलात तर सावलीत थांबा, असं चालकाला दोनदा सांगितलं.

गाडी वळणाआड गेली. क्लाराने ओल्या हाताने क्रुसाची खूण केली आणि ती उन्हात तशीच उभी राहिली.